तांबी, इंजेक्शन की थेट ऑपरेशन : कोल्हापूर जिल्ह्यात कोणापुढे कोणते पर्याय ठेवले जातात?

वाचनवेडी

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी गर्भनिरोधनाच्या साधनांची उपलब्धता आणि तीमधील विषमता या विषयावर टिपणे काढत आहे. वाचनाची सुरुवात अमेरिकेपासून झाली, कारण या विषयावरचे बरेचसे लेखन तिथल्या वंशभेदाच्या अनुभवातून आलेले आहे. 1973 साली अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे रेल्फ कुटुंबातील 12 आणि 14 वर्षांच्या दोन कृष्णवर्णीय बहिणींची सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यामार्फत नसबंदी करण्यात आली. त्यांच्या निरक्षर आईने संमतिपत्रावर फुली मारली होती आणि मुलींना इंजेक्शने देण्यापुरतीच आपण परवानगी देत आहोत, अशी तिची समजूत होती.

हे वाचत असतानाच इथल्या दोन गोष्टी डोळ्यांसमोर आल्या. माझ्या नात्यातील एक नोकरदार मुलगी पहिल्या बाळंतपणानंतर राजारामपुरीतील एका खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली, तेव्हा त्यांनी तिला चार-पाच पर्याय तपशिलाने समजावून सांगितले, विचार करायला वेळ दिला आणि पुढच्या भेटीत काही हजार रुपयांची हार्मोनयुक्त तांबी बसवून दिली. इचलकरंजीत यंत्रमागावर कांड्या भरणारी, दोन मुलांची तेवीस वर्षांची एक आई माझ्या ओळखीची आहे. तिला दुसऱ्या बाळंतपणानंतर वॉर्डातच एकच प्रश्न विचारला गेला, ‘ऑपरेशन आत्ता करून घेणार की सव्वा महिन्याने?’ पाळणा लांबवण्याची इतर साधने असतात, हे तिला कोणी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. हा फरक केवळ पैशाचा आहे, की त्यात जातीचाही वाटा आहे? आणि सरकारी व्यवस्थेत नेमके कोणते पर्याय विनामूल्य मिळतात, जे मिळत असूनही सांगितले जात नाहीत?

निवृत्त आरोग्यसेविका

मी शाहूवाडी आणि राधानगरी तालुक्यांत नोकरी केली आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने काय दिसते तेवढे सांगते. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे 1996 साली देशभर अधिकृतपणे काढून टाकण्यात आली. त्यानंतर आमच्याकडे ‘अपेक्षित कार्यपातळी’ नावाचा आकडा येऊ लागला. मार्च जवळ आला की त्या आकड्याचे काय झाले, हे मासिक सभेत विचारले जायचेच. विचारणा प्रामुख्याने शस्त्रक्रियांची होत असे. तुम्ही किती जणींना सगळी साधने समजावून सांगितली, असे मला संपूर्ण नोकरीत कोणी विचारल्याचे आठवत नाही.

त्यात कामाच्या सोयीचाही भाग असतो. गोळ्या दिल्या की दर महिन्याला पाकीट पोहोचवावे लागते, तांबी बसवली की अंगावरून जास्त जाते म्हणून बाई परत येते, तिची समजूत काढावी लागते, कधी ती काढूनही द्यावी लागते. ऑपरेशन झाले की नोंदवहीतले ते घर कायमचे मिटते. पाच हजार लोकसंख्येचे उपकेंद्र एकटीने सांभाळणाऱ्या नर्सला हा फरक फार मोठा वाटतो. मी तिची बाजू घेत नाही, पण तिच्या वाईटपणावर सगळे ढकलून हा प्रश्न सुटणार नाही.

जातीबद्दल विचारलेत म्हणून सांगते. स्त्री-शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या अनुदानात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना 600 रुपये आणि इतरांना 250 रुपये असा फरक केंद्राच्या योजनेतच होता. बुडालेल्या मजुरीची भरपाई हा त्यामागचा हेतू, आणि कागदावर तो योग्यही दिसतो. प्रत्यक्षात मात्र ज्या घरात 600 रुपये म्हणजे आठवड्याचा बाजार, त्या घराकडे ‘तयार होईल अशी केस’ म्हणून आधी पाहिले जाते. तांबी बसवून घेणाऱ्या बाईचाही दिवस बुडतो, पण तिला मजुरीची भरपाई नाही.

याच्या अगदी उलट चित्र धनगरवाड्यांवर दिसायचे. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरीच्या डोंगरपठारांवर असे कितीतरी वाडे आहेत की जिथे पावसाळ्यात वाट म्हणून काही उरत नाही. तिथे ऑपरेशनचा आग्रह करायलाही कोणी जात नसे. जूनमध्ये दिलेल्या गोळ्या संपल्या की पुढचे पाकीट ऑगस्टअखेर पोहोचायचे, आणि मधल्या काळात दिवस राहिले की ‘या बायका गोळ्या नीट घेत नाहीत’ असा शेरा पडायचा.

शिरोळकर

ताई, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून एक वेगळे मत मांडतो. हा जातीचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. आम्ही बागायतदार मराठा कुटुंबातले आहोत, उसाचे क्षेत्र बऱ्यापैकी आहे, तरीही आमच्या घरातील आणि भावकीतील बहुतेक सुनांनी दोन मुलांनंतर ऑपरेशनच करून घेतले आहे. कोणी जबरदस्ती केली नाही. ‘एकदाची कटकट मिटली’ असेच त्या म्हणतात. ज्याच्याकडे पैसा आणि माहिती आहे तो निवडतो, ज्याच्याकडे नाही तो मिळेल ते घेतो, इतकाच हा मामला असावा.

स्त्रीरोगतज्ज्ञ

प्रथम मूळ विचारणेतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. सरकारी आरोग्य केंद्रांत निरोध, माला-एन या रोजच्या गोळ्या, छाया ही आठवड्याची गोळी, असुरक्षित संबंधानंतर घ्यायची ईझी पिल, दहा वर्षांची आणि पाच वर्षांची अशा दोन प्रकारच्या तांब्या, दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा हे इंजेक्शन आणि स्त्री-पुरुषांच्या शस्त्रक्रिया हे सर्व विनामूल्य मिळते. छाया ही हार्मोनविरहित गोळी लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झाली आहे. प्रसूतीनंतर 48 तासांच्या आतही तांबी बसवता येते, त्यामुळे इचलकरंजीच्या त्या भगिनीला वॉर्डातच ऑपरेशनखेरीज दुसरा पर्याय निश्चितपणे देता आला असता.

या यादीत हार्मोनयुक्त तांबी नाही, आणि हा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो. साध्या तांबीने काही स्त्रियांचा रक्तस्राव वाढतो. हार्मोनयुक्त तांबीने तो बहुधा कमी होतो, काहींची पाळी जवळजवळ थांबते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 या फेरीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, आणि कष्टकरी वर्गात हे प्रमाण किती जाणवते हे माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसते. हिमोग्लोबिन आठ असलेल्या शेतमजूर बाईला वैद्यकीयदृष्ट्या जे साधन सर्वांत मानवेल, ते तिच्या दीड-दोन महिन्यांच्या मजुरीएवढ्या किमतीला मिळते. बारा हिमोग्लोबिन असलेली, नियमित आहार घेणारी स्त्री मात्र ते सहज बसवून घेते. अंतरा इंजेक्शनचेही असेच झाले. खासगी बाजारात ते 1990 च्या दशकापासून होते, सरकारी केंद्रांत ते 2017 साली आले.

शिरोळकर साहेब, आपल्या घरातील सुनांना ऑपरेशन नको होते असे कोणीच म्हणत नाही. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळते. देशभराचा आकडा 37.9 टक्के आहे आणि पुरुष नसबंदीचा अवघा 0.3 टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, बिनटाक्याची आणि कमी धोक्याची असूनही ही स्थिती आहे. आपल्या भावकीत किती पुरुषांनी ती करून घेतली, हे विचारून पाहावे, कारण या एका बाबतीत श्रीमंत-गरीब आणि सर्व जाती यांत मला फारसा फरक दिसलेला नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करतो. अनेक रुग्णालयांत, खासगी असोत वा सरकारी, स्त्रीच्या नसबंदीच्या वेळी नवऱ्याची सही मागितली जाते. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याच्या सहीची अट नाही. शिकलेली बाई यावर वाद घालते आणि बहुतेक वेळा जिंकते. बाकीच्या नवऱ्याला घेऊन परत येतात, किंवा येतच नाहीत.

इतिहासाचा विद्यार्थी

जात की वर्ग, या वादात अमेरिकेचा दाखला उपयोगी पडतो, मात्र तो जसाच्या तसा इथे लावता येत नाही. गर्भनिरोधक गोळीच्या मोठ्या प्रमाणावरील चाचण्या 1956 पासून पोर्तो रिको बेटावरच्या गरीब स्त्रियांवर झाल्या आणि 1960 साली गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा तिचा लाभ प्रथम मुख्य भूमीवरील पैसेवाल्या स्त्रियांना झाला. 1973 ते 1976 या काळात मूळनिवासी स्त्रियांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेने बारापैकी चारच विभागांत 3,406 नसबंदी शस्त्रक्रिया केल्याचे तिथल्या सरकारी लेखापरीक्षणातच नोंदले गेले. दंडात बसवायचे नॉरप्लांट हे गर्भनिरोधक 1990 च्या अखेरीस मंजूर झाले, आणि लगेच ते गरीब कृष्णवर्णीय मातांना सवलतींच्या बदल्यात द्यावे अशी चर्चा वृत्तपत्रांतून सुरू झाली. म्हणजे जे साधन गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीला मोकळीक देणारे होते, तेच दुसरीच्या बाबतीत तिला आवरण्याचे हत्यार होऊ शकत होते. म्हणूनच 1994 साली शिकागोत जमलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘प्रजनन न्याय’ ही मांडणी केली. तीत मूल न होऊ देण्याच्या हक्काबरोबरच मूल होऊ देण्याचा आणि त्याला धडपणे वाढवण्याचा हक्कही धरलेला आहे.

आपल्याकडची परंपरा थोडी वेगळी आहे आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. 10 नोव्हेंबर 1938 रोजी आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात असा ठराव मांडला की संततिनियमनाची साधने सरकारने लोकांना उपलब्ध करून द्यावीत. त्या ठरावामागे गरीब स्त्रीच्या आरोग्याचा आणि तिच्या इच्छेचा विचार स्पष्ट होता. तो फेटाळला गेला. पुढे स्वतंत्र भारताने 1952 साली सरकारी कार्यक्रम आखला तेव्हा साधने आली, परंतु तिच्या इच्छेची जागा हळूहळू लोकसंख्येच्या आकड्याने घेतली. आणीबाणीत त्या आकड्याचा वरवंटा पुरुषांवर फिरला, आणि 1977 नंतर पुरुषांना दुखावण्याची हिंमत कोणत्याच सरकारने केली नसल्याने तो स्त्रियांकडे वळला.

डॉक्टरसाहेबांच्या एका विधानाला थोडी पुस्ती जोडतो. इंजेक्शन सरकारी यंत्रणेत उशिरा आले याचे कारण केवळ गरिबांची उपेक्षा हे नव्हते. स्त्री-संघटनांनी 1980 च्या दशकापासून त्याला न्यायालयात आणि रस्त्यावर विरोध केला होता. एकदा टोचले की तीन महिने ते परत काढता येत नाही, आणि जिथे माहिती देऊन संमती घेण्याची सवयच नाही तिथे असे साधन बाईच्या हातात राहत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो निराधार म्हणता येणार नाही. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका डॉक्टरने एका दिवसात 83 स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या, आणि त्या शिबिरानंतरच्या मृत्यूंनी देश हादरला. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले ते त्या पार्श्वभूमीवर. अशा शिबिरांत रांगेत बसणाऱ्या स्त्रिया कोणत्या वर्गाच्या आणि कोणत्या जातींच्या असतात, हे सांगण्यासाठी वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही.

शिरोळकरांच्या घरातील सून आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतील सून यांचे ऑपरेशन कागदावर एकच दिसते, हे खरे. फरक त्याच्या आधीच्या संभाषणात असतो. पहिलीच्या घरी नर्स पाटावर बसून चहा घेते आणि ‘वहिनी, काय ठरवलंत?’ असे विचारते. दुसरीला रस्त्यावरूनच हाक मारून तारीख सांगितली जाते.

ऊसपट्टा

या चर्चेत एक मोठा गट अजून आलेलाच नाही, म्हणून लिहितो. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, त्यामुळे बाईचा दिवस बुडाला की खाडा जोडप्याच्या नावावर पडतो आणि उचलीत तेवढी भर पडते. पाळी, गरोदरपण, अंगावरून जाणे या सगळ्यांचा हिशेब त्या खाड्यात होतो. बीड जिल्ह्यात तरुण वयात गर्भपिशवी काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांची संख्या इतकी वाढली होती की 2019 साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी काढणे हे गर्भनिरोधन नव्हे, पण तिथे पोहोचण्याआधी त्या बाईला कोणता साधा उपाय मिळाला होता, हे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर ‘काहीच नाही’ असे येते.

त्यांच्या गावची आशाताई त्यांना ओळखते, परंतु त्या सहा महिने गावात नसतात. आमच्या गावच्या आशाताईच्या यादीत त्यांची नावेच नाहीत, कारण यादी घरांची असते आणि त्या पालात राहतात. गेल्या हंगामात कागल तालुक्यातल्या एका फडावर मी एका मुलीला भेटलो, जिच्याकडे माला-एनची तीन रिकामी पाकिटे प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेली होती. ‘हीच पाहिजेत, दुसरी नकोत’ असे दाखवायला तिने ती बरोबर आणली होती. दाखवायची कोणाला, हे तिला माहीत नव्हते. आम्ही दोन किलोमीटरवरच्या उपकेंद्रात गेलो, तिथे गोळ्या सहज मिळाल्या. अडचण औषधाच्या साठ्याची नव्हतीच.

वाचनवेडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझे टिपण ‘सुविधा उपलब्ध आहे की नाही’ या एकाच रकान्यात अडकले होते, आता त्यात विचारणा कशी होते याचाही वेगळा भाग करावा लागेल. आरोग्यसेविका ताई, ऊसतोडीच्या संदर्भात आपल्याला एक व्यावहारिक गोष्ट विचारते. एखाद्या स्त्रीने गावी अंतराचा पहिला डोस घेतला आणि दुसऱ्या डोसची तारीख ती इथे फडावर असताना आली, तर तिला तो इथल्या केंद्रात मिळू शकतो का? आणि तारीख चुकली तर काय करायचे?

निवृत्त आरोग्यसेविका

मिळू शकतो. पहिला डोस डॉक्टरांनी तपासून द्यायचा असतो, पुढचे डोस नर्स देऊ शकते. पहिल्या डोसच्या वेळी एक कार्ड मिळते, त्यावर पुढची तारीख लिहिलेली असते. ते कार्ड तिने जवळ ठेवावे, कारण दुसऱ्या गावच्या नर्सला तिची नोंद शोधायला दुसरा मार्ग नाही. कार्ड नसेल तर इथली नर्स बहुधा नव्याने सुरुवात करायला सांगते आणि डॉक्टर ज्या दिवशी येतात त्या दिवशी परत बोलावते. फडावरची बाई दुसऱ्यांदा येत नाही, हे गृहीत धरा.

तारखेच्या बाबतीत थोडी सूट आहे. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत डोस घेता येतो. म्हणून टोळी निघाल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तारीख येत असेल तर गावातच लवकर डोस घेऊन निघावे. त्याहून उशीर झाला तर गर्भ राहिला नाही याची खात्री करूनच द्यावा लागतो. पाळी अनियमित होईल, कदाचित थांबेल, आणि इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे. हे सांगितले नाही तर पाळी थांबली की ती घाबरते, ‘रक्त आत साठतंय’ असे कोणीतरी सांगते, आणि ती पिशवी काढणाऱ्या दवाखान्यात जाऊन पोहोचते.

ज्यांना इंजेक्शनचा भरवसा वाटत नाही, त्यांना छाया सोयीची पडते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, त्यानंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. टोळी निघताना पूर्ण हंगामाची पाकिटे एकदम मागून घ्यावीत. नर्स आधी एकच पाकीट पुढे करेल, कारण साठ्याचा हिशेब तिला द्यायचा असतो, पण परगावी जात आहोत असे सांगून आग्रह धरला तर देते. माझ्याकडे मागायला येणाऱ्या पाच-सहा जणी तरी अशा होत्या. त्यांतली एक तर उसाच्या गाडीवर सामान चढवून झाल्यावर धावत आली होती, आणि वारांचा हिशेब चुकू नये म्हणून मी तिच्या पाकिटावर बॉलपेनने सोमवार आणि गुरुवार असे लिहून दिले, कारण तेवढे वाचता येते असे ती म्हणाली.